ओकारी सुरू असताना पाळावयाचे शिष्टाचार

दिवस गेल्याची बातमी फुटली की मराठवाड्यातील कोणत्याही घरात एक वैद्यकीय मंडळ आपोआप स्थापन होते. त्याच्या सदस्यत्वासाठी शिक्षणाची अट नसते. एकदा बाळंत झालेली असणे, किंवा बाळंत झालेल्या बाईचा नवरा असणे एवढे पुरते. गेल्या आठवड्यात परभणीत आमच्या घरी या मंडळाची बैठक भरली. मी सलाईन घेऊन नुकतीच परतले होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे असल्याने हाताच्या पाठीवर चिकटपट्टीखाली सुई तशीच होती, आणि सासरच्या नात्यातील एक वयस्क मावशी पलंगाजवळ खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "माय, उलट्या कोणाला होत न्हाईत? आजकालच्या पोरी लईच नाजूक." त्या बैठकीत जे ज्ञान मला लाभले ते एकटीने उपभोगणे बरे नव्हे, म्हणून पहिल्या तिमाहीतील माझ्यासारख्या भगिनींसाठी ते येथे मांडते.

सर्वप्रथम, आपल्या त्रासाला आजार म्हणू नये. दहापैकी सात-आठ गरोदर स्त्रियांना मळमळ होते, तेव्हा आपलीही मळमळच, असे धरून चालावे. शंभरात एखाद-दुसरीच्या पोटात पाण्याचा घोट टिकत नाही, ब्रशच्या फेसानेही तिला ओकारी येते आणि तिचे वजन पूर्वीच्या ५ टक्क्यांहून अधिक उतरते, म्हणजे ५० किलोच्या बाईचे अडीच किलो जातात. पण ती बाई आपण आहोत असे समजणे हा अहंकार होय. या दुखण्याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम असे भारदस्त नाव आहे. ते चारचौघांत उच्चारू नये. सून शिकल्याचा तोरा मिरवते, असे पाहुण्यांना वाटते.

फोडणीबद्दल तक्रार करू नये. येसराच्या आमटीला लसणाची फोडणी पडणारच, आणि तिचा वास दाराच्या फटीतून येऊन नेमका आपल्याच उशाशी बसणार. पलंगाखाली घमेले ठेवावे. तोंडाला सारखे पाणी सुटते आणि ते गिळले तरी उलटी होते, म्हणून जवळ एक स्टीलचा पेला ठेवून त्यात थुंकत राहावे लागते. त्या पेल्यावर फडके झाकावे, कारण पाहुण्यांना किळस येते.

जिला पाणीही पचत नाही तिने आल्याचा तुकडा चघळावा.

लोहाची गोळी पहाटे रिकाम्या पोटीच घ्यावी. पहिले तीन महिने नुसते फॉलिक आम्ल चालू ठेवून लोह पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्याचा आगाऊपणा करू नये.

उलट्यांवरून मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांचा मान राखावा. गर्भलिंग सांगण्यास बंदी घालणारा १९९४ चा कायदा सोनोग्राफीच्या खोलीत लागू असतो, ओसरीवर नाही, अशी त्यांची समजूत आहे.

औषध तर मुळीच घेऊ नये, कारण औषधाने बाळाला अपाय होतो हे मंडळाने एकमताने ठरविले आहे. या उलट्यांवर डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एकत्रित गोळी जगभर अनेक दशके दिली जात आहे. अमेरिकेत खटल्यांच्या माऱ्याला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ती मागे घेतली, तिच्यामुळे बाळात व्यंग येते हा आरोप संशोधनात टिकला नाही, आणि २०१३ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्याच जोडीला पुन्हा मान्यता दिली. परंतु शेजारच्या काकूंच्या जावेच्या बहिणीला कोणीतरी काहीतरी सांगितलेले असताना या गोष्टींना काय किंमत?

नोकरी करत असाल तर रजा मागू नये. "गरोदरपण म्हणजे काही आजार नव्हे, रजा बाळंतपणासाठी राखून ठेवा," असे आमच्या वरिष्ठांनी मला समजावले. मातृत्व लाभाचा कायदा त्यांनी वाचला असता तर गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, डॉक्टरांचा दाखला दिल्यास, बाळंतपणाच्या रजेखेरीज एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते हे त्यांना कळले असते. वाचनाने डोळ्यांवर ताण येतो, म्हणून त्यांनी ते टाळले असावे.

आता सर्वांत रामबाण उपाय, तो म्हणजे मागील पिढीचा आदर्श. मावशींच्या काळी बाया नऊ महिने भरेपर्यंत रानात खुरपत, दुपारी बाळंत होत आणि सांजेला भाकरी थापत. ऐकून ऊर भरून यावा. मात्र त्या काळी ओकून ओकून निपचित पडलेल्या बायांचे पुढे काय झाले, हे मावशी सांगत नाहीत, कारण त्यांतल्या काही सांगायला उरल्या नाहीत आणि ज्या उरल्या त्यांना कोणी विचारले नाही. त्या काळी कशाला, आजचेच पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमध्ये गरोदर बाया असतातच. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्ची पडलेली, आणि एक दिवस पडून राहिले तर खाड्याचे पैसे कापले जाणार. अशी बाई पहाटेच्या अंधारात फडाच्या कडेला ओकते, पदराने तोंड पुसते आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे चालू लागते. तिला काय उलट्यांचे कौतुक वाटते म्हणून ती उभी राहते? आडवे होणे तिला परवडत नाही, एवढेच. तिच्या सोसण्याचा दाखला माझ्या तोंडावर फेकता, मावशी, पण तिच्यासाठी फडावर एक परिचारिका यावी म्हणून तुमच्यापैकी कोणी कधी तोंड उघडले आहे का? जावयाला ढेकर आला तर ओवा, सोडा, लिंबू घेऊन सगळे घर धावते, आणि सून रक्ताचे धागे दिसेपर्यंत ओकली तरी ते नखरे!

नखरे नाहीत ते. गर्भ आणि वार यांतून जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात येते, आणि जिच्या शरीराला गर्भधारणेपूर्वी त्याची सवय कमी असते तिला ते अधिक झोंबते, हे २०२३ च्या अखेरीस 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले आहे. मनाच्या कमकुवतपणाचा त्यात काही संबंध नाही.

तेव्हा घरच्यांनो, उपदेश पुरे. दिवसभर घोटभर पाणी टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा कोऱ्या चहासारखी होत असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर दृष्ट काढत बसू नका, दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०२ वर फोन करा. सरकारी दवाखान्यात नेण्यासाठी गरोदर बाईला ती गाडी विनामूल्य आहे. लघवीतील कीटोन, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळू लागले की उतरणारे द्रव्य, तपासायला सांगा. कित्येक दिवस पोटात अन्न राहिले नसेल तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दिले का हे विचारा, कारण ते न देता ग्लुकोज चढविले तर मेंदूला इजा होऊ शकते. विचारायला लाजू नका. सुनेला नाजूक म्हणताना लाजला नव्हता. फोडणी काही आठवडे बंद ठेवा, वरणाविना कोणी मरत नाही. आणि भेटायला यायचेच असेल तर आधी फोन करा, अत्तर लावून येऊ नका, दहा मिनिटांत उठा, आणि जाताना ते घमेले धुऊन ठेवा.