पळायला गेली, पळून नाही

आमच्या गल्लीच्या रेकॉर्डला मी एकदा पळून गेलेली बाई आहे. झालं असं की पहाटं दूधवाला आला, त्यानं विचारलं "वैनी न्हाईत का?" आणि आमच्या सासूबाई, तोंडात मिश्री असली की शब्द मोजून वापरतात, त्या म्हणाल्या "पळाली." बास. दूधवाल्याची पुढं अजून सतरा घरं असतात. मी सव्वासातला घामानं निथळत, तोंड टमाट्यासारखं लाल करून गल्लीत शिरले तर फाटकापाशी तीन बाया उभ्या, त्यातल्या एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या मायेनं म्हणाली, "आली का माय परत? बरं केलं. लेकराकडं बघून काढायचे असतात दिवस."

तर मी पळते. वय ४६, गाव परभणी, ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पळायला लागण्याचं कारण काही फार उदात्त वगैरे नाही, रक्ताचा रिपोर्ट. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती टेस्ट असते ना, एचबीएवनसी, ती ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "उंबऱ्यावर बसू नी म्हणून कवाधरनं सांगायलेय, ऐकतंय कोण."

मग मोबाइलमधे एक अ‍ॅप घेतलं. नऊ आठवड्यात पाच किलोमीटर पळायला शिकवतात त्यातलं. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. मला वाटलं एक मिनिट म्हणजे काय, बोलता बोलता जाईल. एक मिनिट किती लांब असतं हे त्याआधी मला एकदाच कळलं होतं, आठ दिवसांनी नळाला पाणी आलेलं, मोटार लावायची, आणि नणंद फोन ठेवत नाही तेव्हा. नऊ आठवड्यांच्या त्या कार्यक्रमाचा पहिला आठवडा मी तीनदा केला. दुसरा आठवडा आलाच नाही. एकदा पाऊस होता, एकदा पाहुणे होते, आणि एकदा काहीच नव्हतं, नुसती पडून राहिले छताकडं बघत.

यातली गंमत म्हणजे बारावीला 'प्रेरणा' मीच शिकवते. मास्लोनं १९४३ साली गरजांची उतरंड कशी मांडली, हे मी वीस वर्षं फळ्यावर काढतेय, खाली भूक, तहान, झोप, आणि वर वर जात जात आत्मसाक्षात्कार. पहाटं पावणेपाचला अलार्म वाजला की मला कळतं आपण ह्या उतरंडीत नेमके कुठं आहोत. तळाच्या मडक्यात.

माझी गाडी रुळावर आली ती कृषी विद्यापीठाच्या काळ्या कमानीपाशी. परभणीत चालणारे-पळणारे सगळे शेवटी तिथंच सापडतात, कारण आत झाडं आहेत, रस्ते मोकळे आहेत आणि वसमत रोडसारखे ट्रक अंगावर येत नाहीत. त्या दिवशी मी कठड्यावर बसून बुटाची लेस बांधत होते. दहा मिनिटं बांधत होते. समोर चार-पाच जण हातपाय झटकत उभे, त्यातल्या एका पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी गळ्यातली शिट्टी जोरात फुंकली आणि म्हणाले, "ओ मॅडम, लेस बांधून झाली असंल तर चला, न्हाईतर उद्याच्याला तीच बांधायची हाय."

हे आमचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतनं रिटायर होऊन आठ वर्षं झाली पण शिट्टी काही रिटायर झाली नाही. बाकीच्यांत मेडिकलचं दुकान असलेले एक भाऊ, एक दाताच्या डॉक्टरीणबाई (ज्या सगळ्यांना गुडघ्याचे सल्ले देतात), विद्यापीठातले मृदाशास्त्राचे सर, आणि पुण्याहून बदली होऊन आलेला बँकेतला एक पोरगा, ज्याच्या मनगटावर आमच्या स्कूटीपेक्षा महाग घड्याळ आहे. ग्रुपला नाव नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चार वर्षं नावाची चर्चा चालू आहे, सरांनी 'परभणी क्रांती' सुचवलं होतं, सगळ्यांना एकदम जोशपूर्ण वाटलं, मग त्यांनीच सांगितलं की ही विद्यापीठाची भेंडीची जात आहे, आणि मग कुणाला छातीवर भेंडी घेऊन पळायची इच्छा राहिली नाही.

बँकेतला पोरगा पहिल्या दिवसापासून आम्हाला केडन्स, झोन टू, व्हीओटू मॅक्स असलं काय काय सांगतो. त्यातलं एकच आमच्या पचनी पडलं, की रोजचं पळणं एवढ्याच स्पीडनं पाहिजे की पळता पळता बोलता आलं पाहिजे. हे तर काय, आमच्या अंगातच आहे. सोयाबीनचा भाव, नीटचा क्लास, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सगळं पळता पळता होतं. फक्त विद्यापीठात एका ठिकाणी जरा चढ लागतो, तिथं बोलणं जे तुटतं ते तुटतंच, भाऊंच्या मेव्हण्यानं प्लॉटचा इसार घेऊन पुढं काय केलं हे मला दोन वर्षं झाली अजून कळलेलं नाही, कारण ती गोष्ट ते नेमकी चढाच्या अलीकडंच काढतात.

आता लोकांना वाटतं ग्रुप म्हणजे काय छान, एकमेकांना धीर देत असतील, टाळ्या वाजवत असतील. अहो कसला धीर. आमच्याकडं आधार देण्याची पद्धत म्हणजे अपमान. आदल्या रात्री गुरुजी ग्रुपवर टाकतात "उद्या कोण कोण?" आणि खाली अंगठे यायला लागतात. अंगठा दिला की झालं, तो स्टँपपेपरवर दिल्यासारखाच. दिला नाही तर भाऊ विचारणार, "मॅडमची तब्येत बरी हाय ना? गोळ्या पाठवू का?" एकदा डिसेंबरात मी गोधडीतनंच "निघाले" असा मेसेज टाकला आणि कूस बदलली. पाचव्या मिनिटाला उठणार होते, खरंच. जाग आली सहाला. तोवर पाच माणसं काळ्या कमानीखाली त्या थंडीत वीस मिनिटं हात चोळत उभी, कारण मॅडम निघाल्यात. परभणीची थंडी म्हणजे काही चेष्टा नाही, २०१८च्या डिसेंबरात विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंशावर आला होता, आणि सर ही गोष्ट दर हिवाळ्यात अशी सांगतात जणू तो त्यांनीच हातानं खाली ओढला होता. त्या दिवशी मला कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशीपासून मात्र गुरुजींची मोटारसायकल पाच वाजता आमच्या दारात. हॉर्न नाही, शिट्टी. गल्लीतली कुत्री उठली, कुत्र्यांनी गल्ली उठवली, गल्लीनं मला उठवलं. सासूबाई माझी बाजू घेतील म्हणलं तर त्यांनी गुरुजींना चहा दिला आणि आत येऊन माझ्या अंगावरची गोधडी ओढली. घरातला माणूसच फितूर झाल्यावर किल्ला किती दिवस टिकणार.

आणि तक्रार करायची सोय नाही. थंडी म्हणा, पाय दुखतो म्हणा, झोप झाली नाही म्हणा, गुरुजींचं एकच उत्तर, "बहात्तरच्या दुष्काळात आमी सुकडी खाऊन आठ किलोमीटर शाळंला जायचो." एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुरुजी, आज खरंच ताप आहे. तर म्हणाले, "बहात्तरला थर्मामीटर नव्हतं म्हणून कुणाला ताप न्हवता."

उन्हाळ्यात वेगळंच. मे महिन्यात इथं पारा ४४-४५ला टेकतो, त्यामुळं सव्वापाचचं पावणेपाच होतं आणि तेव्हाही हवा अशी येते जणू कुणीतरी तव्यावरनं फुंकर मारतंय. भाऊ खिशात ओआरएसच्या पुड्या घेऊन पळतात. पण खरी परीक्षा पावसाळ्यात. एकदा बँकेतल्या पोराला ट्रेल रनिंगची हौस आली, पुण्याला डोंगरावर पळतात म्हणे, आपल्याकडं डोंगर नाही तर वावरातनं पळू. आम्ही खुळ्यासारखे मागं. ज्यांनी मराठवाड्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय टाकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. दहा पावलांत बुटाखाली अजून एक बूट तयार झाला, वीस पावलांत मी चार बोटं उंच झाले, आणि तिसाव्या पावलाला पाय वर आला, बूट तिथंच राहिला. मी एका पायावर तोल सांभाळत उभी आणि सर शेजारी उभं राहून मला समजावतायत की ह्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं म्हणून ती अशी धरते. म्हणलं सर, ते असू द्या, बूट काढा. तर म्हणाले "काढतो की, पण आधी ही भेग बघा कशी मिटलीय." पुण्याचा पोरगा मात्र त्या दिवशीपासून डांबरी रस्त्याला नावं ठेवत नाही.

कुत्र्यांचं राहिलंच की. वसमत रोडला एका ढाब्यापाशी पाच जणांची टोळी आहे. एकदा ती माझ्या मागं लागली आणि मी पळाले, म्हणजे खरी पळाले, आयुष्यात पहिल्यांदा. पोरगा मागनं येऊन माझ्या मोबाइलात बघतो आणि डोळे चमकवून म्हणतो, "मॅडम, पाच दहाचा पेस, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं दहा सेकंद! तुमच्यात पोटेन्शियल आहे!" म्हणलं बाबा, ते माझं नाही, त्या पिवळ्या कुत्र्याचं आहे.

पण खरं सांगायचं तर मधे एकदा मला प्रश्न पडला की बाई, एकटीनं एक मिनिट पळवत नव्हतं आणि आता सात-आठ किलोमीटर होतायत, हे कसं काय? विषय आपलाच, म्हणून जुन्या नोट्स काढल्या. १८९८ साली ट्रिप्लेट नावाच्या माणसानं बघितलं होतं की सायकलवाले एकट्यानं घड्याळाशी झुंजण्यापेक्षा दुसऱ्याच्या सोबतीनं जास्त जोरात जातात, मग त्यानं पोरांना मासे धरायच्या गळाची रिळं फिरवायला लावून ते तपासलं. ठीक आहे. पण मला पटलं ते जर्मनीतलं. १९२०च्या दशकात ओटो कोहलर यांनी बर्लिनच्या एका वल्हवणाऱ्यांच्या क्लबातले गडी घेतले आणि हात गळेपर्यंत वजन उचलायला लावलं. आधी एकट्यानं, मग जोडीनं. जोडीला वजन दुप्पट, आणि एकानं सोडलं की खेळ खलास, कारण दुसऱ्या एकट्याला ते पेलणार नाही. तर निघालं असं की जोडीतला कमजोर गडी एकट्यापेक्षा जोडीत जास्त वेळ टिकला. फक्त जोडी अगदी तोलामोलाची पण नको आणि लय विजोड पण नको, थोडा फरक पाहिजे. आपल्याकडं म्हणतातच, जगात जर्मनी अन् भारतात परभणी. प्रयोग तिकडं झाला, पुरावा इकडं धापा टाकत फिरतोय.

म्हणजे बँकेतला पोरगा माझ्या काय कामाचा, तो वळणावर जाऊन दोन व्यायाम करून आमची वाट बघतो, त्याला बघून मला पळायची नाही, घरी जायची प्रेरणा मिळते. भाऊ बरोबर. भाऊ माझ्यापुढं नेहमी एक लाइटीचा खांब असतात. ना जास्त ना कमी. मी थांबले तर भाऊ थांबतील, भाऊ थांबले तर त्यांचा टाइम जाईल, म्हणून मी मरत मरत पुढचा खांब गाठते. संभाजीनगरला दहा किलोमीटरच्या स्पर्धेला गेलो होतो तेव्हाही हेच. आठव्या किलोमीटरला भाऊ दुभाजकावर पोटरी धरून बसलेले दिसले. मी थांबले, पाणी दिलं. तर म्हणतात कसे, "मागं तुमच्या बुटाचा फटक फटक आवाज यायचा म्हणून पळायलतो इतके दिवस. म्हणलं बाई गाठतीय, इज्जतीचा सवाल हाय." मग आम्ही दोन किलोमीटर चालत, मेव्हण्याच्या प्लॉटबद्दल बोलत आलो. पण फिनिश लाइन दिसली तशी दोघंही पुन्हा पळायला लागलो, आणि ती गोष्ट पुन्हा इसाराशीच राहिली. आमच्या मागं फक्त अ‍ॅम्ब्युलन्स होती. गुरुजी कधीचे पोचलेले, तिथं उभं राहून शिट्टी अशी वाजवत होते की दोन पोलीस वळून बघायला लागले.

आणि परवा गुरुजीच आले नाहीत. ग्रुपवर "उद्या कोण कोण?" पडलंच नाही. पहिल्या दिवशी आम्हाला सुट्टी लागल्यासारखं झालं, मी तर आठपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले गावाला गेले असतील. तिसऱ्या दिवशी कुणी न ठरवता सगळे सव्वापाचला कमानीपाशी आले, आणि कुणी पळेना. नुसते उभे. सरांनी हवेचा अंदाज सांगितला, कुणी ऐकला नाही. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चला. जिंतूर रोडला गुरुजींचं घर. फाटक लोटलं, भाऊंनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली, ती काही नीट वाजली नाही.

काकूंनी दार उघडलं. म्हणाल्या, "घेऊन जावा बाई ह्यांला. तीन दिस झाले, चार वाजताच उठायलेत, अन् बसायलेत त्या खुर्चीवर. दुखत बी न्हाई खुपत बी न्हाई. म्हणलं जावा की, तर म्हणायलेत रोज मीच कामून बोलवायचं सगळ्यांला."

आम्ही आत डोकावलो. ओसरीवर खुर्ची, खुर्चीत गुरुजी. मफलर गुंडाळलेला, गळ्यात शिट्टी, पायात बूट, लेस बांधलेली. आमच्याकडं न बघता त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"तीन दिवस अन् पंचवीस मिनिटं उशीर झाला तुमाला," म्हणाले, आणि आमच्या आधी फाटकाबाहेर पडले.