चुरचुरतंय फक्त

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, टँकरचं बिल आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधोमध, सध्या माझी बदनामी टाचून ठेवलेली आहे. 'बी विंगमधील एका सभासदाने गॅलरीत घातक वनस्पतीची लागवड केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वनस्पती सात दिवसांत हटवावी.' नाव नाही. पण बी विंगमध्ये तुळस, कोरफड आणि टॉवेल यांपलीकडे गॅलरीत काही लावणारा मी एकटाच. त्यामुळे लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे गांजाच्या केसमध्ये जामिनावर सुटलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात.

घातक वनस्पती म्हणजे मिरची. दोन कुंड्या, भूत जोलोकिया. ऑफिसातल्या जोरहाटच्या मित्राने कागदाच्या पुडीतून बिया आणून दिल्या होत्या. हे बी महाआळशी. ऊब मिळाल्याशिवाय ते डोकं वर काढत नाही, म्हणून ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवला आणि 'फ्रिजवर माती' या विषयावर घरात जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. रोपं हाताला आली तर बोकड्या पडला, पानं आकसून वळली. कृषी सेवा केंद्रात गेलो. 'प्लॉट किती एकराचा?' मालकाने पावतीपुस्तक उघडत विचारलं. 'दोन कुंड्या,' मी म्हणालो. पुस्तक मिटलं. शेवटी निंबोळी अर्काची बाटली मिळाली, पण ती त्याने ज्या दयेने हातात ठेवली ती मी विसरणार नाही.

तर दसऱ्याच्या सुमारास मिरच्या लालभडक झाल्या, आणि आबा आले.

आबा वरच्या मजल्यावरचे. मूळचे कोल्हापूरकडचे, पुण्यात तीस-पस्तीस वर्षं काढूनही 'आमच्याकडं' म्हणजे अजून तिकडंच. झाडाशी वाकून म्हणाले, 'वाळलीय की ही.'

'अशीच असते, आबा. सुरकुतलेली. २००७ साली जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात गेली. दहा लाख स्कोव्हिल!'

'आमच्या लवंगीचं किती?'

'नेमका आकडा नाही माहीत, पण हिच्यापुढे...'

'मग? लवंगी मोजलीच न्हाई, तर हिचा पैला नंबर काढला कुणी?'

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मिरची लावणाऱ्या माणसाला ऐकणारा क्वचित मिळतो. मी त्यांना १९१२ सालच्या विल्बर स्कोव्हिलची गोष्ट सांगायला घेतली. औषधाच्या कंपनीतला माणूस. मिरचीचा अर्क काढायचा, साखरेच्या पाण्यात पातळ करत करत चाखायला द्यायचा, आणि चाखणाऱ्यांना तिखट लागायचं थांबेपर्यंत जितकं पातळ करावं लागलं तितका मिरचीचा आकडा. आता यंत्रावर मोजतात, नाव मात्र त्याचंच राहिलं.

'साखरंचं पाणी?' आबा म्हणाले. 'तिखट मोजाय? आमच्याकडं आचारी नुसत्या ठसक्यावर सांगतोय.' मग लगेच मुद्द्यावर आले. 'बरं, ह्यातल्या सात दे.'

'सात? कशाला?'

'पोरानं गाडी घेतलीय. लिंबू-मिरची बांधायचीय.'

मी कळवळून सांगितलं, बाजारात दहा रुपयांना मूठभर मिरच्या मिळतात. 'त्या साध्या,' आबा म्हणाले. 'ही जगात एक नंबर म्हणतोस न्हवं? दृष्ट चौकातनंच माघारी फिरंल.' एक नंबरचा किताब २०१३ साली कॅरोलिना रीपरकडे आणि २०२३ साली पेपर एक्सकडे गेला, हे मी सांगितलं नाही. नागालँडने २००८ साली हिच्यासाठी भौगोलिक मानांकन मिळवलं, आसामात हत्ती शेतात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या दोरांना ही फासून बघितली, डीआरडीओने हिचा हातगोळा केला. आणि पुण्यात ती बंपरला लटकणार! पण मी गावाला गेलो की माझी कुरियरं आबाच घेतात. कात्रीने सात मिरच्या कापून दिल्या आणि म्हटलं, ओवताना हातमोजे घाला.

'हातमोजे,' आबा म्हणाले, आणि पार्किंगपर्यंत हसत गेले.

मागोमाग मीही गेलो, कारण माल माझा होता. आबांनी गोधडीची सुई काढली, लिंबू ओवलं आणि मिरच्या घेतल्या. लोक बियांना बदनाम करतात, पण खरा जाळ आतल्या पांढऱ्या गाभ्यात असतो. दाभणाएवढी ती सुई प्रत्येक मिरचीच्या गाभ्यातून आरपार जात होती आणि आबा दर वेळी बोटं सदऱ्याला पुसत होते. पाचव्या मिरचीला घाम आला. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तर्जनीने उजवा डोळा, अगदी सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग उजवा डोळा मिटला.

'आबा?'

'काय न्हाई. कुसळ गेलंय.'

'आबा, आधी हात साबणाने धुवा, तेलकट असतं ते...'

'चुरचुरतंय फक्त,' असं म्हणून त्यांनी त्याच हाताने डावा डोळा पुसला.

पुढची काही मिनिटं आबा दोन्ही डोळे मिटून नव्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते. वॉचमनने स्वतःची खुर्ची उचलून लांब नेऊन ठेवली. वरून काकूंनी विचारलं, 'काय झालं हो?' 'धूर!' आबा ओरडले. 'कसला धूर?' 'दसऱ्याचा!' शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी येऊन त्यांचे हात धुतले, डोळे धुतले, पुन्हा धुतले आणि विचारलं, 'मिरची फार तिखट होती का?' आबांच्या गालांवरून धारा लागलेल्या, नाक गळतंय, आणि आबा म्हणतात, 'तिखट कसली? सपक हाय. डोळा नाजूक असतोय.'

माझं दुखणं इथे आहे. मी ही मिरची खाल्ली आहे. नखाएवढा तुकडा, पिठलं-भाकरीबरोबर. आधी फळासारखा गोड वास येतो आणि वाटतं, एवढंच? मग जिभेच्या मुळाशी कोणीतरी शेगडी पेटवतं, कानात दडे बसतात, उचकी लागते आणि आपण ताक समजून समोर दिसेल ते पितो. पाण्याचा उपयोग नाही, तिखट त्यात विरघळत नाही. तोंड खरं तर भाजतही नसतं. चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ती मिरची फसवते. हे कोडं सोडवणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. त्या समितीला जे पटलं ते आबांना पटेना. आणि ज्या मिरचीच्या जिवावर 'आमच्याकडं' चालतं, ती पोर्तुगीजांनी आणली. त्याआधी आमच्याकडंही मिरीवरच भागवत होते.

बरं, सपक तर सपक. मग नोटीस कशाला? सोसायटीत एक बाई रोज गच्चीवर कबुतरांना दाणे टाकतात, त्या विष्ठेने फुप्फुसं बिघडतात हे डॉक्टर ओरडून सांगतात, त्यावर नोटीस नाही. गेटपाशी सेक्रेटरींनी हौसेने कण्हेर लावली आहे. तिचं पान, फूल, बी, सगळं खरोखरचं विषारी. हे मी त्यांना दाखवून दिलं. 'ती शोभेची आहे,' ते म्हणाले. माझ्या मिरचीला तिखटपणाचं श्रेय मिळत नाही ते नाहीच, वर तिखट असल्याची शिक्षा मिळते. आतापर्यंत ती चवीने कोणी खाल्ली असेल तर बुलबुलाने. पक्ष्यांना हे तिखट लागत नाही. अर्धी चोचलेली मिरची टाकून तो दुसरीवर गेला.

काल शनिवार. सकाळी बेल वाजली. दारात आबा, उजव्या हाताला दुधाची रिकामी पिशवी रबराने बांधलेली.

'आज बदलायची असती,' ते म्हणाले. 'आठवड्यात गाडीला ओरखडा न्हाई. सात दे.'

मी सांगितलं, झाडावर दोनच उरल्यात आणि झाडालाही नोटीस आहे.

'मग नोटीस संपायच्या आत दे की,' आबा म्हणाले. 'दोन तुझ्या घालतो, पाच तिखट घालतो.'