जुलाबावर एरंडेल? कृपा करून पाजू नका

काल मावशीचा फोन, नातवाला सकाळपासून पाच वेळा पातळ झालंय, एरंडेल किती देऊ? मी उडालेच. तिला फॉरवर्ड आला होता की एरंडेल जुलाबावर रामबाण आहे, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, दोन चमचे द्या म्हणजे पोटातली घाण निघून जाईल, आणि पाणी बंद ठेवा.

"प्रयोगशाळेत सिद्ध" : अहो, प्रयोगशाळेत एरंडेल वापरतात ते उंदरांना जुलाब लागावेत म्हणून! एखाद्या झाडपाल्याच्या अर्काने जुलाब थांबतात का हे बघायचं असेल तर आधी तो अर्क देतात, थोड्या वेळाने एरंडेल पाजतात, पिंजऱ्याखाली कागद अंथरतात आणि पुढचे काही तास त्यावरचे ओले डाग मोजत बसतात. डाग कमी पडले तर गुण त्या अर्काचा, एरंडेलाचा नाही. एरंडेलात जवळपास ९० टक्के रिसिनोलिक ॲसिड असतं, ते आतड्यात सुटं झालं की आतडं जोरात आवळायला लागतं. २०१२ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की हे सगळं ईपी३ नावाच्या रिसेप्टरमुळे (पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या भागामुळे) होतं, ज्या उंदरांमध्ये तो रिसेप्टरच नव्हता त्यांच्यावर एरंडेलाचा परिणामच झाला नाही. आता हेच तेल आधीच जुलाब होणाऱ्या पोराला पाजायचं?

"घाण निघून जाते" : निघून जातं ते पाणी आणि मीठ. बद्धकोष्ठाला एरंडेल चालतं, बरं, मान्य. पण हे त्याच्या नेमकं उलटं दुखणं आहे ना.

"आमच्याकडे गुण आला" : बहुतेक साधे जुलाब काही दिवसांत आपोआपच थांबतात, श्रेय तेलाला मिळतं.

आणि "पाणी बंद ठेवा", हे वाचून तर माझा संताप झाला. जुलाबात लहान मूल दगावतं ते मुख्यतः अंगातलं पाणी संपल्यामुळे. ओआरएसचं अख्खं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, घोट घोट पाजत राहा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंकचं औषध किती दिवस द्यायचं ते डॉक्टर सांगतील. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, शौचात रक्त दिसतंय, यातलं एकही असेल तर घरी थांबू नका.

मावशीने बाटली परत ठेवून दिली. रात्री नऊला तिचा मेसेज आला, शू केली त्याने.