तोतोरो यमदूत नाही

वहिनी तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये आहे, म्हणून सात वर्षांची पुतणी सध्या माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी ती ‘माय नेबर तोतोरो’ लावते. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या १९८८च्या या अ‍ॅनिमेशनपटातल्या सात्सुकी आणि मेई या बहिणींची आईसुद्धा हॉस्पिटलमध्येच असते; तोतोरो म्हणजे त्यांना भेटणारा, झाडात राहणारा भलामोठा केसाळ प्राणी. परवा घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: ‘मुलांना हा सिनेमा दाखवू नका. तोतोरो म्हणजे मृत्यूचा देव, तो मरणाऱ्यालाच दिसतो. मेई तळ्यात बुडाली, सात्सुकीही गेली, म्हणून शेवटी दोघींना सावली नाही. आईही वाचत नाही. ही १९६३च्या सायामा खुनाची खरी गोष्ट आहे.’ आत्तेभावाने तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. रात्री तिने विचारलं, “काका, आई घरी येणार नाही का?”

म्हणून आधी आईचंच सांगतो. शेवटच्या श्रेयनामावलीसोबतची चित्रं फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पाहिलेलीच नाहीत. त्यांत आई घरी परत आलेली आहे, अंथरुणात मुलींना दोन्ही बाजूंना घेऊन पुस्तक वाचून दाखवते आहे. त्याआधी हॉस्पिटलच्या खिडकीत मक्याचं कणीस सापडतं, सालीवर ‘आईला’ असं कोरलेलं. हेच कणीस आईला बरं करेल म्हणून मेई एकटी चालत निघालेली असते. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षय होता, त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. आजारी आई गोष्टीत आली ती तिथून. तिला परस्पर मारून टाकणारे हे कोण?

मेई हरवल्यावर तळ्यात एक चप्पल सापडते, हे खरं. शेजारची आजी थरथरत ती पुढे करते, सात्सुकी बघून सांगते, मेईची नाही. फॉरवर्ड म्हणतो ती खोटं बोलली. कशावरून? पुरावा काहीच नाही.

सावलीचं तर उत्तर केव्हाच मिळालंय. ही अफवा जपानमध्ये इतकी फिरली की २००७ साली चित्रपट बनवणाऱ्या स्टुडिओ घिब्लीनेच खुलासा केला: तोतोरो मृत्यूचा देव नाही, मेई मेलेली नाही, शेवटच्या दृश्यांत सावल्यांची गरज वाटली नाही म्हणून त्या काढल्या नाहीत. हाताने रंगवलेल्या चित्रात सावली आपोआप पडत नाही, कुणीतरी ती काढावी लागते. ज्यांनी चित्रं काढली तेच सांगताहेत, आणखी कुणाची साक्ष हवी?

‘तोतोरो’ हे नावही मृत्यूच्या देवाचं नाही. पुस्तकातल्या ‘ट्रोल’चा जपानी उच्चार छोट्या मेईला जमत नाही, त्यातून ते झालं. तो राहतो त्या कापराच्या प्रचंड झाडाला शिमेनावा, म्हणजे पवित्र दोर, बांधलेला असतो. मेईला सांभाळल्याबद्दल बाबा मुलींसह त्या झाडापुढे वाकतात. देवराईतल्या झाडाला हात जोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

एक गोष्ट मान्य करतो. वाट चुकलेली मेई ज्या जिझोच्या मूर्तींपाशी बसते, तो जिझो जपानी लोकसमजुतीत मेलेल्या बाळांचा रक्षक आहे. पण तो जिवंत मुलांचा आणि वाटसरूंचाही रक्षक आहे, म्हणून तर त्याच्या मूर्ती रस्त्याकडेला असतात. हरवलेलं पोर तिथे बसलं तर ते सुरक्षित आहे, इतकाच अर्थ जपानी प्रेक्षक घेईल.

राहिला खून. चित्रपटातला परिसर तोकोरोझावा आणि सायामा टेकड्यांवरून घेतलाय, एवढंच खरं. गोष्ट १९५०च्या दशकातली आहे, खून १९६३चा. दोघींच्या नावांचा अर्थ ‘मे’ आहे आणि खूनही मे महिन्यातला, हा तर निव्वळ जुळवलेला पुरावा. मुळात गोष्टीत एकच मुलगी होती, नंतर तिच्या दोघी झाल्या. त्या खऱ्या प्रकरणात सोळा वर्षांची मुलगी मारली गेली. बुराकू या भेदभाव सोसलेल्या समाजातल्या काझुओ इशिकावा यांना आधी फाशी, मग जन्मठेप झाली, १९९४ला ते पॅरोलवर सुटले, आणि आपण निर्दोष आहोत म्हणत फेरसुनावणी मागतच २०२५मध्ये वारले. एका कुटुंबाचं आणि एका माणसाच्या उभ्या आयुष्याचं दुःख लहान मुलांना घाबरवायला वापरलं जातंय, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

ज्याने फॉरवर्ड टाकला त्याने तो आजच काढावा, आणि पुतणीशी फोनवर स्वतः बोलावं.