लुनिकचे एका रात्रीचे अपहरण

अवकाशातील हेरगिरीवर प्रसिद्ध झालेल्या लेखाचा सारा भर टेहळणी उपग्रहांवर असल्यामुळे लुनिक या सोव्हिएत चांद्रयानाच्या प्रकरणाचा उल्लेख राहून गेला, याची मनापासून चुटपुट लागली. १९५९-६० च्या सुमारास सोव्हिएत संघाने आपल्या फिरत्या प्रदर्शनात लुनिकच्या अग्निबाणाचा वरचा टप्पा मांडला होता आणि इंजिन काढून घेतलेले असले तरी ती निव्वळ प्रतिकृती नाही, हे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या तज्ज्ञांनी ओळखले. पुढे मेक्सिकोत, रेल्वेच्या मालधक्क्याकडे ट्रकमधून निघालेला त्याचा प्रचंड खोका त्यांनी एका रात्रीपुरता भंगाराच्या आवारात वळवला, छताच्या फळ्या उचकटून आत उतरून कारखान्यांच्या खुणांची छायाचित्रे घेतली, तोडलेल्या सीलच्या जागी हुबेहूब नक्कल बसवली आणि पहाटे तो मूळ चालकाच्या हवाली केला. मला यातील धाडसापेक्षा चिकाटी अधिक मोलाची वाटते, कारण धातूवरच्या त्या किरकोळ खुणांवरूनच हा टप्पा कोणी बनवला आणि उत्पादनात तो कितवा होता, याचा उलगडा झाला. ही हकिगत संस्थेच्या अंतर्गत नियतकालिकात १९६७ साली छापली गेली आणि १९९४ मध्ये, काही मजकूर झाकूनच, खुली झाली. लेखाच्या पुढील भागात तिला सविस्तर जागा द्यावी, ही लेखकांना विनंती.