आजी, बघून चाला!

आज सकाळी साडेनऊला पुण्यात पौड रोडवर एका स्कूटरचा आरसा आमच्या आईच्या कोपराला लागला. फुटपाथवर. परत लिहितो, रस्त्यावर नाही, फुटपाथवर. पिशवी हातातून सुटली, लिंबं घरंगळत पार गटाराच्या जाळीपर्यंत गेली, अळूच्या जुडीवरून चाक गेलं. आणि तो पोरगा मान वळवून म्हणतो काय, "आजी, बघून चाला ना!"

मी दोन पावलं मागे होतो. मी त्याला जे म्हणालो ते इथे लिहीत नाही, कारण आई फेसबुकवर आहे.

आईचं वय ७६. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले रोज चाला. कुठे चाला ते नाही सांगितलं. फुटपाथच्या तोंडाशी गाड्या शिरू नयेत म्हणून तीन खांब लावले होते, त्यातला मधला कुणीतरी काढलाय. पूर्ण काढला असता तरी एक वेळ चाललं असतं. वीतभर खुंट तसाच ठेवलाय. म्हणजे स्कूटर त्या फटीतून बरोब्बर आत येते आणि आईचा पाय मात्र बरोब्बर त्या खुंटाला अडतो.

आता कुणीतरी लिहीलच म्हणून आधीच लिहून टाकतो. हो, रस्त्यावर जागा नाही. हो, बस वेळेवर येत नाही म्हणून घरटी तीन गाड्या आहेत. आणि तो पोरगा कुणाचं तरी सामान दहा मिनिटांत पोचवायला धावत असेल, ते सामान मागवणारे आपणच. मान्य. पण म्हणून माझ्या आईनं बघून चालायचं? फुटपाथवर?

रस्ता ओलांडायची तर वेगळीच कथा. मागच्या महिन्यात मी मोबाईलवर वेळ लावून मोजलं. हिरवा माणूस १८ सेकंद दिसतो. सिग्नल आखताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे. धडधाकट माणसाला ठीक आहे. आई त्याच्या निम्म्यानं चालते. त्यामुळे १८ सेकंद संपतात तेव्हा ती दुभाजकापाशी, मेट्रोच्या खांबाला टेकून उभी असते. खांबाआड असल्यानं गाडीवाल्यांना ती दिसत नाही आणि तिला गाड्या दिसत नाहीत. तिनं काय बघून चालायचं, सांगा. शिवाय डावीकडे वळणाऱ्यांना सिग्नल लागू नसतो असा आपल्याकडे पक्का समज आहे, त्यामुळे त्या १८ सेकंदांतले पहिले पाच-सहा त्यांचेच.

मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली तेव्हा आईच सगळ्यात खूश होती. अजून आहे. वर एसी, लिफ्ट, सगळं छान. खाली उतरलं की पुन्हा आपण आणि आपलं नशीब.

पादचारी पूल बांधा म्हणणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार. गुडघे बदललेल्या बाईनं दोन मजले चढायचे, दोन उतरायचे, का तर खालच्या गाडीला ब्रेक दाबायला लागू नये! अरे, त्यापेक्षा झेब्रा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला उचला ना. चढू दे गाडीला. तिला इंजिन आहे.

११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात. गाड्या बंद, रांगोळ्या, फोटो. छान वाटतं, खोटं कशाला बोलू, मी पण गेलो होतो. पण आपल्याकडे पितरांनासुद्धा पंधरा दिवस मिळतात हो. चालणाऱ्याला एक.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत ती दोन तरुण मुलं गेली आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, तेव्हा त्या निबंधावरून आपण सगळे पेटलो होतो. मीही पोस्टी टाकल्या. खवळायलाच हवं होतं. पण ती गाडी कोटीची होती, मुलगा बड्या बापाचा होता, म्हणून राग यायला सोपं गेलं. आज आईला आरसा लागला तो साध्या स्कूटरचा, आणि पोरगा आपल्याच घरातला वाटावा असा.

हे लिहिताना एक गोष्ट सारखी आठवतेय, ती न लिहिता पोस्ट टाकली तर मी खोटारडा. सात-आठ वर्षांपूर्वी, धो धो पाऊस, मुलीची शाळा सुटायची वेळ, चौक तुंबलेला. मी याच फुटपाथवर गाडी घातली होती. समोरून छत्री घेऊन एक गृहस्थ येत होते, ते चिखलात उतरून बाजूला झाले. मी त्यांना थँक्यू म्हणालो. थँक्यू म्हणालो म्हणजे मी सभ्य, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं. जंगली महाराज रोडचे फुटपाथ रुंद केले तेव्हा पार्किंग गेलं म्हणून कट्ट्यावर बोंबलणाऱ्यांतही मी होतोच. आता आईला फिरायला न्यायचं म्हटलं की गाडीत घालून तिथेच नेतो.

म्हणून त्या पोराला शोधून काढा वगैरे नको. मला तो मधला खांब परत हवाय. खुंट काढून, नीट. आणि हिरवा माणूस १८ ऐवजी ३६ सेकंद. गाड्या थांबतील अजून १८ सेकंद, काही होत नाही. आपल्या भागातले जे कुणी यात लक्ष घालू शकतात त्यांनी कमेंटमध्ये हात वर करा, अर्ज मी लिहितो, सह्या गोळा करायलाही मीच फिरतो.

कोपर सुजलंय, बाकी ठीक आहे. लिंबं मी गोळा करून आणली, त्यातली दोन सापडली नाहीत. चाळीस वर्षं आमच्या घरची भाजी आईच आणते, मला कधी आणू दिली नाही, मला निवडता येत नाही म्हणते. आत्ता कोपर शेकत बसलीय. मगाशी म्हणाली, "उद्यापासून भाजी तूच आणत जा. अळू मात्र बघून घे, काळ्या देठाचं."