गाडी सर्व्हिसिंगला टाकताय? मग एवढं कराच

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पायरीच नसते, चांगला रुंद रॅम्प असतो, त्यामुळे शहाण्यांनाही तिथे जायला काही आडकाठी नाही. फक्त नवखा माणूस तिथे भलतेसलते प्रश्न विचारतो, मधेमधे करतो आणि एका सुरळीत चाललेल्या व्यवस्थेचा खोळंबा करून ठेवतो. तुमच्या हातून तसं होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

अपॉइंटमेंट सकाळी नऊचीच घ्या. सगळ्यांना तीच दिलेली असते. नवाला पाच मिनिटं कमी असताना गेटवर पोहोचलात की पुढे उभ्या असलेल्या गाड्यांची रांग बघून वेळ पाळणारी माणसं जगात अजून शिल्लक आहेत याचा आनंद होईल.

मग हातात टॅब घेतलेला सर्व्हिस ॲडव्हायझर येईल. हा तुमचा दिवसभराचा सोबती. तो गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो आणि प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढतो. दार उघडताना भिंतीला घासलेली कड तुम्ही स्वतः विसरला असाल, पण तो विसरत नाही. ओरखडे आधीपासूनचेच आहेत हे सिद्ध करण्यात जी तत्परता तिथे दिसते, ती नंतर कुठल्याच कामात दिसणार नाही, तेव्हा डोळे भरून बघून घ्या.

'काही कम्प्लेंट आहे का सर?' असं तो विचारील. इथे बहुतेक जण चुकतात. ते खरंच सांगायला लागतात. गाडी थंड असताना, डावीकडे वळताना, चाक खड्ड्यातून बाहेर येतानाच पुढून टक्-टक् असा आवाज येतो, दोनदा येतो, मग थांबतो. माणूस तोंडाने आवाज काढूनही दाखवतो. ॲडव्हायझर मान डोलावतो आणि जॉब कार्डवर लिहितो, 'आवाज'. तुमच्या साऱ्या वर्णनकौशल्याचं एवढं चोख सार दुसरं कुणी काढलं नसतं.

पुढे टेक्निशियन गाडी फिरवायला नेतो. तोवर गाडी तापलेली असते, रस्ता गुळगुळीत असतो आणि वळणं उजवीकडची असतात. आवाज येत नाही. कार्डावर 'नो प्रॉब्लेम फाउंड' असा शेरा पडतो. चुकून आलाच, तरी घाबरू नका, त्यालाही उत्तर आहे. 'सगळ्याच गाड्यांना येतो सर, या मॉडेलचं ते कॅरेक्टरिस्टिक आहे.' एका वाक्यात तुमची तक्रार वैशिष्ट्य होऊन परत येते, आणि त्याचे वेगळे पैसेही लावत नाहीत.

आता एस्टिमेट. त्याआधी एक कळकळीची विनंती: ग्लोव्ह बॉक्समधलं ओनर्स मॅन्युअल अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल, तर ते तिथेच राहू द्या. शेवटच्या काही पानांवर एक तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, काय नुसतं तपासायचं, हे गाडी बनवणाऱ्यानेच त्यात लिहून ठेवलेलं असतं. तो तक्ता वाचलेल्या माणसाला एस्टिमेटच्या निम्म्या ओळींचा अर्थच लागत नाही. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनर, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग. यातलं बरंचसं तक्त्यात सापडत नाही, आणि मग उगीच मन कलुषित होतं.

टेफ्लॉनबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अपघाताने सापडला. त्याला काही म्हणजे काहीच चिकटत नाही, हीच त्याची ख्याती. तव्यावर तो बसवायचा तर आधी तवा खरबरीत करतात आणि मग भट्टीत भाजतात, कारण हा पदार्थ वितळतो सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र तोच, गाडीच्या रंगाला धक्का न लावता, एका फडक्याने, दुपारच्या सुट्टीआधी बसवून देतात. विज्ञान किती पुढे गेलं आहे याची ही खूण मानून सही करा.

टायरमध्ये नायट्रोजन भरू का, असंही विचारतील. हो म्हणा. आपण रोज फुकट श्वासात घेतो त्या हवेत नायट्रोजन ७८ टक्केच असतो, आणि उरलेल्या २२ टक्क्यांसाठी जिवाशी खेळायचं का?

या सगळ्यात एक ओळ मात्र ब्रेक फ्लुइडची असते. ही ओळ नेमकी खरी असते, म्हणूनच ग्राहक तिच्यावर सगळ्यात आधी काट मारतो. ब्रेक फ्लुइड म्हणजे पेडलवरचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारं द्रव. ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही. पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ वर येते. लांबच्या घाटउतारावर ब्रेक सतत तापले आणि आतलं फ्लुइड उकळलं, तर वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदला, असं बहुतेक कंपन्या सांगतात. पण फ्लुइड बदललेलं बाहेरून दिसत नाही, शेजाऱ्याला तर नाहीच नाही. तेव्हा तुम्ही बाणेदारपणे म्हणा, 'ब्रेक फ्लुइड राहू द्या, उगाच खर्च वाढतो. कोटिंगचं मात्र नीट करा.' ॲडव्हायझरच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटतं त्याकडे लक्ष देऊ नका. तोही माणूसच आहे. त्याला महिन्याचं टार्गेट आहे, आणि खरं सांगायचं तर दुकानात तेच मांडतात जे आपण उचलतो.

आता लाउंजमध्ये बसा. तिथे एक मोठी काचेची भिंत असते. पारदर्शक कारभारासाठी ती केलेली आहे. तिच्यातून सगळ्यांच्या गाड्या दिसतात. तुमची खांबामागे असते.

अकराच्या सुमाराला, किंवा तुम्ही घरी निघून गेला असाल तर नेमके मीटिंगमध्ये असताना, फोन येईल. आवाज खालच्या पट्टीत, नातेवाईकाची बातमी सांगावी तसा. 'सर, गाडी खोलली आहे. फ्रंट ब्रेक पॅड सत्तर टक्के गेलेत.' तुम्ही गप्प. मग हळूच, 'सेफ्टीचा प्रश्न आहे सर, पुढे तुमची मर्जी.' या वाक्यापुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही. 'किती मिलिमीटर उरलेत?' असा आगाऊ प्रश्न चुकूनही विचारू नका. नव्या पॅडचं अस्तर साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतं आणि तीनच्या आसपास आलं की बदलायची वेळ झाली, एवढा हिशेब पट्टी असलेल्या कुणालाही जमतो. पण टक्के कानाला गोड लागतात, मिलिमीटर रुक्ष. 'फोटो पाठवता का?' हा प्रश्न तर त्याहून असभ्य. फोटो पाठवण्यासाठी पॅड खरंच कुणीतरी बघावे लागतात.

इंजिनचा दिवा पेटत असेल तर स्कॅनर लावतील. स्कॅनर पी०४२० असा काहीतरी कोड दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचं) काम अपेक्षेपेक्षा कमी भरतंय असं गाडीच्या संगणकाला वाटतंय. कारण सेन्सर असेल, एक्झॉस्टला कुठे गळती असेल, किंवा खरोखरच कन्व्हर्टर गेला असेल. शोधायला वेळ लागतो. कन्व्हर्टर बदलायची ऑर्डर टाकायला लागत नाही.

बिल आल्यावर लेबरच्या रकान्याकडे आदराने पाहा. प्रत्येक कामाला किती तास लागतात हे कंपनीच्या पुस्तकात ठरलेलं असतं, आणि पैसे त्या पुस्तकी तासांचे लावतात. पुस्तकात दीड तास असेल आणि पोराने काम पाऊण तासात उरकलं, तर उरलेला पाऊण तासही तुमच्याच नावावर. (पोराला त्यातलं किती मिळतं हे विचारू नये.) एसीचा केबिन फिल्टर पुष्कळ गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन खटके दाबले की हातात येतो, पाना लागत नाही. त्यालाही लेबर आहे. शेवटी 'कन्झ्युमेबल्स' अशी एक ओळ असते. त्यात काय येतं असं विचारलंत तर ॲडव्हायझरही तुमच्याइतक्याच कुतूहलाने तिच्याकडे बघेल.

जुने पार्ट मागण्याचा हक्क बजावायचा असेल तर तो बिलाच्या वेळी बजावा. सकाळी जॉब कार्डवरच लिहून घेतलं तर ते खरोखर तुमच्याच गाडीचे निघण्याचा धोका असतो.

आणि हे सगळं बाहेरच्या गॅरेजात करावं असा विचार मनात आला, तर 'वॉरंटी जाईल' हे दोन शब्द आठवा. अमेरिकेत १९७५ सालच्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, केवळ बाहेर सर्व्हिसिंग केलं या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. तुमच्या वॉरंटीच्या पुस्तिकेत नक्की काय लिहिलंय? तेही त्याच प्लास्टिकच्या पिशवीत आहे. राहू द्या.

गाडी चारला मिळेल असं सांगितलं असेल तर पाचला फोन करा. 'वॉशिंगला आहे सर.' सहाला करा. वॉशिंगला. वॉशिंग ही जागा नसून अवस्था आहे, आणि तुमची गाडी लिफ्टवर असो, पार्टची वाट बघत असो की अजून कुणी हातही लावलेला नसो, ती त्या अवस्थेत असू शकते.

शेवटी गाडी समोर येते. टायर काळेभोर चमकतायत, डॅशबोर्डवर असं पॉलिश की फोन ठेवला की घसरून खाली. आत बसलात की पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत. सीट कुणा सहा फुटी माणसाने मागे ढकललेली, आरशात फक्त छत दिसतंय, रेडिओवर तुम्ही आयुष्यात न ऐकलेलं स्टेशन फुल आवाजात. काचेवर पुढच्या सर्व्हिसचं स्टिकर लागलेलं असतं. ते कधीही विसरलेलं नसतं.

चाकं काढली असतील, तर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केले का असं विचारायचा मोह होईल. आवरा. न्यूमॅटिक गनचा तो घर्रर्र आवाज ऐकायला किती मर्दानी वाटतो! काही महिन्यांनी भर पावसात पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्यावर तुम्ही दोन्ही पायांनी उभे राहाल आणि नट तसूभर हलणार नाही, तेव्हा काम किती मजबूत झालंय याची खात्री पटेलच.

गाडी घरी आली म्हणजे सर्व्हिसिंग संपलं असं समजू नका. आता फीडबॅकचा फोन. 'शून्य ते दहामध्ये किती गुण द्याल?' या प्रश्नाचं मूळ व्यवस्थापन सल्लागार फ्रेडरिक रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे. तिच्यात नऊ आणि दहा देणारे ते आपले, सात-आठवाले कुठलेच नाहीत, आणि सहापर्यंतचे सगळे निंदक. वाहन धंद्यात अनेक ठिकाणी ही पद्धत आणखी कडक केली आहे: दहाच्या खाली सगळे नापास. म्हणून गाडीची किल्ली देतानाच ॲडव्हायझरने हळूच सांगितलेलं असतं, 'सर, फोन येईल, दहा सांगा. नऊ आले तर माझं इन्सेंटिव्ह कापतात.'

तुम्ही बाणा दाखवून नऊ सांगा. पंधरा मिनिटांत सर्व्हिस मॅनेजरचा फोन येईल. नंतर ॲडव्हायझरचा, स्वतःच्या मोबाइलवरून.

'सर, काही चुकलं का आमचं?'

'नाही हो, तसं काही नाही.'

'मग एक मार्क कशाचा कापला?'

याचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही. तो बिचारा थोडा थांबेल, मग म्हणेल, 'हरकत नाही सर. आता एक लिंक पाठवतो, तिथे तेवढे पाचही स्टार द्या. आणि इन्शुरन्स संपतोय ना पुढच्या महिन्यात? तो आपल्याकडेच करा.'